वय नको, व्यास विचारा

उन्हाळा जवळ आला की बोअरच्या गाड्या गावोगाव दिसू लागतात आणि दगड फोडणाऱ्या जुन्या बिटांना गिऱ्हाईक मिळू लागतं. "दोनच बोअर मारलेत, नव्यासारखंच आहे," असं सांगून बिट पुढे केलं जातं. घेणारा ते उचलून बघतो, बटणं मोजतो, भाव पाडतो, पैसे देतो. कॅलिपर कुणीच काढत नाही. माझा राग जुन्या बिटावर नाही, या न काढलेल्या कॅलिपरवर आहे.

जुनं बिट घेणं शहाणपणाचंच आहे. त्याच्या तोंडावरची बटणं टंगस्टन कार्बाइडची असतात. वर्कशॉपमध्ये ज्याला 'विडिया' म्हणतात, तेच हे. 1920च्या दशकात जर्मनीच्या क्रुप कंपनीने दिलेल्या या नावाचा अर्थच 'हिऱ्यासारखं'. टंगस्टन आपल्याला आयात करावं लागतं. जगातलं बहुतेक टंगस्टन चीन काढतो, आणि फेब्रुवारी 2025मध्ये त्याने निर्यातीवर नियंत्रण आणलं. असा माल अर्ध्या आयुष्यात भंगारात घालणं ही उधळपट्टी आहे. पण घ्यायचं तर मोजून घ्या.

पहिलं माप व्यासाचं. साडेसहा इंची बिट म्हणजे 165 मिलिमीटर. कडेची बटणं झिजली की बोअर खाली खाली अरुंद होत जातं. अर्ध्यावर बिट बदलून पूर्ण मापाचं घातलं, तर ते त्या अरुंद भागात अडकतं आणि हॅमर, रॉड सगळंच खाली राहण्याची वेळ येते. म्हणून एका बोअरमध्ये आधी मोठं, मग लहान, हाच क्रम. बटणांना डायमंड कपने घासून घुमट परत देता येतो. गेलेला व्यास परत येत नाही. "घासून दिलंय" एवढ्यावर समाधान मानू नका, घासल्यावरचं माप मागा.

दुसरं, बटणाचा माथा. झिजून सपाट झालेला भाग बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला, की ते घासायला हवं. त्यापुढे चालवलेलं बिट दगड फोडण्याऐवजी चुरत बसतं आणि कॉम्प्रेसर नुसतं डिझेल पितो. बटण गुळगुळीत, चकचकीत दिसलं म्हणूनही भुलू नका. दगड बटणाला झिजवत नाही तेव्हा ते मार खाऊन थकतं आणि त्यावर सापाच्या कातेसारख्या बारीक भेगा उमटतात. असं बटण अचानक फुटतं. त्याचा तुकडा तळाशी राहिला, तर तो उरलेल्या बटणांनाही फोडतो.

तिसरं, दांडा. हॅमरचे सगळे घाव तो सोसतो, म्हणून भेग तिथेच लपते. तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दांडा स्वच्छ करून रॉकेलमध्ये भिजवा, कोरडा पुसा, वर खडूची पूड लावा. भेग असेल तर आतलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. आणि वेल्डिंग मारलेलं बिट फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि बटणांची पकड सुटते.

आता हिशेब. समजा, नवं बिट 3000 फूट चालतं. जुनं तुम्ही निम्म्या किमतीत आणलं आणि ते 1000 फुटांत संपलं. म्हणजे फुटामागे दीडपट पैसे गेले; वाढलेलं डिझेल आणि खोळंबलेली गाडी वेगळीच. बिटाचा भाव नगावर ठरवणारा फसतो. तो फुटावर ठरवायचा असतो. म्हणून ते आधी कुठल्या दगडात चाललं, हेही विचारा. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. पण पूर्व विदर्भात किंवा तळकोकणात जिथे गारेचा अंश असलेला दगड लागतो, तिथे बिटाची कड फार लवकर खाल्ली जाते. फूट सारखे झाले तरी झीज सारखी होत नाही.

या सगळ्यात मला सलतो तो शेतकरी. बिट त्याने घेतलेलं नसतं, बाजारात तो गेलेला नसतो, पण पैसे फुटाने तोच मोजतो. वर साडेसहा इंच दिसणारं बोअर तळाशी किती उरलंय, हे त्याला कुणी सांगत नाही. कळतं ते पंप सोडताना, पंप मध्येच अडकला की. तोवर गाडी पुढच्या गावाला गेलेली असते आणि कर्ज त्याच्या नावावर राहिलेलं असतं.

म्हणून विकणाऱ्यांनो, प्रत्येक जुन्या बिटावर आजचा व्यास रंगाने लिहा. गाडीवाल्यांनो, माप नसलेलं बिट परत करा. आणि शेतकरी दादा, हॅमर खाली जाण्याआधी तुमच्यासमोर बिट मोजायला सांगा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या. बोअर संपलं की बिट पुन्हा मोजायला लावा. या दोन मापांना दोन मिनिटं लागतात, आणि ती मागणं हा तुमचा हक्क आहे.