रा. रा. गॉगलराव काळे यांस अनावृत पत्र

रा. रा. गॉगलराव काळे,
मुक्काम भुशी डॅमच्या रस्त्यावरचा जाळीचा स्टँड, लोणावळा, तालुका मावळ,
यांस सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं मावळात उतरतात आणि गाडीचं दार उघडायचा अवकाश, आपण त्यांच्या नाकावर स्वार होता. कणीस अजून निखाऱ्यावर असतं, कांदाभज्यांचा घाणा निघायचा असतो, आपला सौदा मात्र पटलेला असतो. बदामाच्या आकाराचे, मांजराच्या कानांचे, निळ्या पाऱ्याचे, अशा नाना रूपांत आपण लटकलेले असता. आपल्या काचेवर एक चिमुकला स्टिकर असतो : ‘यूव्ही ४००’. अंगावर दोन सरी आल्या की तो निघतो आणि पोराच्या गालाला चिकटतो. पुढचा दिवसभर गाल अगदी सुरक्षित.

आपले थोरले बंधू पोराच्या बापाच्या डोळ्यांवर असतात, त्यांचा थाट पाहिलात ना? निजायला कातडी घर, अंग पुसायला मऊ फडकं, शिवाय वर्षाची वॉरंटी. त्यांची निवड करताना बाप आरशासमोर तासभर मान वळवत असतो. पोराच्या वेळी मात्र ‘कुठला हवा तो घे, लवकर घे, मागून हॉर्न मारतायत’. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग मोठ्या माणसापेक्षा नितळ असतं. अतिनील किरण त्यातून जास्त आत जातात, पार पडद्यापर्यंत. पण कोवळ्या डोळ्याला स्वस्त काच आणि निबर डोळ्याला महाग, हा हिशेब आमच्याकडे पक्का आहे. पोरगं वाढतं आहे, वर्षात गॉगल लहान होणार, मग खर्च कशाला?

इथे गुंठाभर जमीन घ्यायची तरी माणूस आधी सातबारा मागतो. आपल्याकडे कागद कोण मागतं? आपण काळे आहात, एवढं पुरतं. आता काळेपणा आणि अतिनील किरण अडवणं यांचा काही संबंध नाही, हे आपल्याला एकट्यालाच ठाऊक असावं. ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटर, तिथपर्यंतच्या लहरी अडवल्या तर गॉगल कामाचा. ते काम स्वच्छ पांढरी काचही करते, उत्तम पॉलिकार्बोनेटची असली तर. उलट नुसती काळी काच पुढे आली की अंधार झाला असं समजून डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि किरण अडलेले नसतील तर त्यांना दार आणखी उघडं. आपल्या कुळातले काही जण निव्वळ प्लास्टिकच्या कृपेने चांगले निघतात, हेही खरं. किमतीवरून ते ओळखता येत नाही. बऱ्याच चष्मेवाल्यांकडे ते तपासायचं यंत्र असतं, मिनिटभराचं काम आहे. मात्र त्यासाठी पोराचा गॉगल घेऊन चष्मेवाल्याकडे जावं लागेल, आणि हसतील लोक.

‘पण पावसाळ्यात ऊन कुठंय?’ असं आपले गिऱ्हाईक विचारतात. टायगर पॉइंटला धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, तिथे सूर्य कसला, असं त्यांचं म्हणणं. दाट काळ्या ढगाखाली ते बरंचसं पटतंही. पण पातळ, पांढऱ्या ढगातून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो. आणि आमच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा : एकदा मेच्या मध्याला आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. पहिली वेळ सुट्टीची, लोहगड-विसापूरच्या रांगांची. दुसरी ऐन भुशीच्या पायऱ्यांची. सावली पायाखाली जाते तेव्हा आपण छत्रीवाल्याच्या शेजारी गप्प लटकलेले असता. समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या उंचीने किरणांत जी भर पडते ती थोडीच, सहा-सात टक्क्यांची. तिचा बाऊ मी करणार नाही.

डोक्यावरच्या सूर्याला साधी रुंद काठाची टोपी आपल्याइतकीच तोंड देते. डोळ्यावर येणारं निम्मं ओझं ती उतरवते असं मानतात. भात लावताना आमच्या बाया डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं घेतात, त्यातही ही अक्कल आहे. पर्यटकांची पोरंही टोप्या घालतात म्हणा, पण झापड मागे करून. मानेला मागचं काही दिसत नसताना तिच्यावर सावली का धरायची, हे मला कोडं आहे. जन्म खाचरात काढलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाहा : नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकलेला मांसाचा पडदा दिसतो. ऊन, वारा, धूळ यांनी वर्षानुवर्षं केलेली ती कमाई असते. ती एका सहलीत होत नाही, म्हणून एका सहलीत कुणी घाबरतही नाही.

आता आपल्या शेजाऱ्यांविषयी. त्याच जाळीवर, आपल्या खालच्या आकड्याला, प्लास्टिकचे छर्रे मारणारी बंदूक असते. एकवीरेच्या यात्रेतही ती असते, सोबत रबरी टोकाचा धनुष्यबाण. पोरं पहिल्या पाच मिनिटांत ते रबर काढून टाकतात. छर्रा डोळ्यावर बसला तर आत रक्त साकळू शकतं, आणि बाहेरून डोळा फक्त लाल दिसतो. ‘फुंकर मारतो, होईल बरा’ म्हणत आई-बाप लायन्स पॉइंट उरकून घेतात. छर्रा येतो तेव्हा आपण पुढे ढाल म्हणून असता हे मान्य, पण आपलं प्लास्टिक इतकं ठिसूळ, की आपण स्वतःच फुटून डोळ्यात शिरता. अशा डोळ्यावर दाबायचं नाही, चोळायचं नाही, वर कागदी पेला उलटा धरून चिकटवायचा आणि थेट नेत्रवैद्य गाठायचा. विटीदांडूने गेलेल्या डोळ्यांच्या नोंदी आमच्या डॉक्टरांकडे आहेतच. छर्ऱ्याने त्या परंपरेत नुसती बॅटरी घातली.

आणि आजोबांच्या खिशातली चुन्याची ट्यूब! ती स्टँडवर नसते, गाडीतच आलेली असते. पोरगं ती दाबून बघतं, तोंड फुटतं, चुना डोळ्यात. चुना डोळा जाळत आत जातो, म्हणून डॉक्टर शोधण्याआधी पाणी, भरपूर, अर्धा तास, पापण्या उघड्या धरून. सगळीकडे धबधबे कोसळत असले तरी बाटलीतलं पाणी वापरावं. विकत घेतलेल्या पाण्याचा एवढा उपयोग तरी व्हावा.

काळेसाहेब, आपल्यावर मी इतका वेळ घसरलो, पण खरा राग आपल्यावर नाहीच. आपण निदान उन्हात उभे असता. पवनेच्या काठच्या बंगल्यात जा. समोर काचेच्या भिंतीतून तुंग किल्ला दिसतो, अंगणात निळा तलाव, आणि पोरगं सोफ्यावर उताणं, हातात मोबाइल. डोळ्यांवर आपण! आपल्याला कळतं ना, की डोक्यावर छप्पर आहे? पोर रडतंय कशासाठी, तर नेट नाही. ‘मोकळी हवा मिळावी म्हणून आणलं हो,’ आई सांगते. हवा मिळते, एसीची.

ज्या डोळ्यासाठी हा सगळा आटापिटा, त्याला चष्मा लागू नये म्हणून उजेडच लागतो. चीनमध्ये ग्वांगझोच्या शाळांनी पहिलीच्या पोरांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या चाळिसेकांना मायनस नंबर लागला होता, बाहेर जाणाऱ्यांत तिसेकांना. २०१५ साली हे छापून आलं. तैवानने तर २०१० पासून दिवसाला दोन तास बाहेर, असा नेमच घातला. दिवाणखान्यात फार तर तीन-चारशे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट, पावसाळी दुपारीसुद्धा काही हजार. टोपी घाला, चांगला गॉगल लावा, तरी उरतो तो घरातल्यापेक्षा जास्तच. म्हणजे पोराला बाहेर काढायला आपली अडचण नाही. अडचण सोफ्याची आहे, आणि सोफ्याला पत्र लिहून उपयोग नाही, तो उठत नाही.

तेव्हा आपण एवढंच करावं : स्टिकर खोटा असेल तर उतरवावा आणि खेळणं म्हणून खुशाल विकलं जावं. शेजारची बंदूक कुणी मागितली तर आकड्यावरून खाली पडून लक्ष वेधावं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.
आपला,
एक मावळकर

ता. क. : २ ऑगस्ट २०२७, सोमवार, ही तारीख लिहून ठेवावी. त्या दिवशी दुपारनंतर आमच्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. ढग फाटले तर आई-बाप पोराला आपल्याला लावून वर बघायला सांगतील. आपण एकावर एक तीन चढलात तरी तिथे निरुपयोगी. त्याला ग्रहणाचा खास प्रमाणित चष्मा लागतो. त्यात ती आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी. लोणावळ्यातल्या बापांना त्या दिवशी सूर्य एक दिसतो की दोन, याचीच खात्री नसते. तरी आपण सोमवारची रजा टाकावी.