तयार कपडे

स्काउटचं बोधवाक्य एका शब्दाचं आहे : तयार. आमच्या तालुक्याच्या गावी हा शब्द इतक्या ठळक अक्षरांत आणखी एकाच ठिकाणी दिसतो. बाजारपेठेत, 'तयार कपड्यांचे दुकान' या पाटीवर. गेल्या रविवारच्या बैठकीनंतर मला या दोन्हींतला फरक सांगता येईनासा झाला आहे.

बैठक तीनची होती, म्हणून पावणेचारला सुरू झाली. शाळेच्या पाचवीच्या वर्गात मधली बाकं भिंतीकडे सारून आम्ही सतरा जण उरलेल्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. सगळे स्वयंसेवक. म्हणजे मुख्याध्यापकांच्या इच्छेनं स्वेच्छेनं आलेले. "पीटीचे तास तुमच्याकडे आहेतच, तर स्काउटचंही बघा," या एका वाक्यानं महाराष्ट्रात जेवढे स्काउट मास्टर झाले असतील, तेवढे कुठल्या शिबिरानं झाले नसतील. आपणहून आलेले आमच्यात दोघेच. एक बँकेतून निवृत्त झालेले काका आणि दुसरे खाकी आजोबा. फळ्यावर बैठकीचा फलक सेलोटेपनं चिकटवला होता. गाठी शिकवणारे सतरा लोक हजर होते, पण दोरी कुणाकडेच नव्हती.

विषय होता जिल्हा मेळाव्यासाठीच्या गणवेशाचा. मुलांना बाहेर मैदानावर थांबवून ठेवलं होतं, कारण बैठकीत प्रमाण गणवेश ठरला की लगेच त्या प्रमाणानं त्यांची तपासणी व्हायची होती. अभ्यासक्रम ठरायच्या आधी परीक्षेला बसवलेली मुलं मी प्रथमच पाहत होतो.

नियमपुस्तिकेत शर्टाचा रंग स्टील ग्रे आहे. यावर दुमत नव्हतं. दुमत झालं ते स्टील म्हणजे कुठलं, यावर. कापडवाल्यानं तीन तुकडे पाठवले होते आणि तिन्हींवर चिठ्ठी लावून 'स्टील ग्रे' असंच लिहिलं होतं. एक पावसाळी ढगाचा, एक चुलीतल्या राखेचा आणि तिसरा सरळसरळ पारव्याचा. वीस मिनिटं झाल्यावर मुलींच्या गाइड पथकाच्या कॅप्टन मॅडमनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि टेबलावर आपटला.

"हे स्टील."

डबा हातोहात फिरला. बँकवाल्या काकांनी तो खिडकीपाशी नेऊन नोट तपासावी तसा उजेडात धरला. "मॅडम, झाकणाचा रंग वेगळा आहे."

"झाकण धाकटीच्या डब्याचं आहे."

झाकण वगळून डबा प्रमाण मानावा, असं ठरलं. ढगाचा तुकडा डब्याच्या जवळचा निघाला. डब्याला लिंबाच्या लोणच्याचा वास होता, त्याची नोंद इतिवृत्तात नाही.

खाकी आजोबांना यातलं काहीच मान्य नव्हतं. त्यांच्या वेळी गणवेश खाकी होता. "मळला तरी कळत नसे," हा त्यांचा मुद्दा, आणि तो खोडायला आमच्याकडे काही नव्हतं. ते आजही खाकी घालून येतात. शर्टाची बटणं पोटावर येऊन थांबली आहेत आणि पुढचा प्रवास बनियन करते. पण बेरेट नीट बसलेली नाही म्हणून पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

मग मी मध्येच ब्राउनसीचा विषय काढला. चूक माझीच. १९०७च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीच्या संस्थापकानं, बेडन-पॉवेलनं, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या त्या बेटावर वीसेक मुलं नेली. काही ईटनसारख्या बड्या शाळांतली, काही पूल नि बोर्नमथ गावांतल्या साध्या घरांतली. त्या पहिल्या शिबिरात ठरावीक गणवेशच नव्हता. कोण कुठल्या संघाचा हे कळावं म्हणून खांद्यावर रंगीत लोकरीची गाठ. लांडग्यांची निळी, बैलांची हिरवी, कर्ल्यू पक्ष्यांची पिवळी, डोमकावळ्यांची तांबडी. हे सगळं मी भाबडेपणानं सांगून टाकलं. मला वाटलं, लोकरीवर भागत असेल तर बरं.

"चार रंग?" नियमवाले सर म्हणाले. "मग एकसूत्रता कुठं राहिली?"

"लोकर उन्हाळ्यात टोचते," कुणीतरी मागून म्हणालं.

नियमवाल्या सरांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांना एपीआरओचा भाग दोन तोंडपाठ आहे. एपीआरओ म्हणजे स्काउटची नियमपुस्तिका. मुलांसाठी भाग दोन, मुलींसाठी भाग तीन. सर त्यातल्या कलम क्रमांकांसह बोलतात. स्कार्फची बाजू ७० ते ८० सेंटिमीटर असली पाहिजे म्हणून त्यांच्या खिशात शिंप्याची टेप असते. शेकोटीच्या कार्यक्रमात मुलं पावसाची टाळी वाजवत असताना एकदा त्यांनी एका पोराचा स्कार्फ मोजला होता. पाऊस थांबला, टाळी थांबली, स्कार्फ ६८ निघाला.

आमच्यात भांडणंही नियमांच्या क्रमांकांनीच होतात. स्काउटचे नियम नऊ. आठवा काटकसरीचा, चौथा विनयाचा, सहावा शिस्तीचा. बँकवाले काका म्हणाले, बेरेट, बॅज, बक्कलवाला पट्टा, स्कार्फ, तो अडकवायचं वॉगल, काळे बूट, हे सगळं घ्यायला लावलं की आठवा नियम पहिल्याच दिवशी मोडतो. नियमवाले सर म्हणाले, सहाव्यापुढे आठवा चालत नाही. काका म्हणाले, तुमचा आवाज चौथ्यात बसत नाही. त्यावर दोघंही तिसऱ्याकडे आले, जिथं स्काउट सर्वांचा मित्र असतो, आणि चहा आला.

चहा घेताना मॅडमनी शांतपणे एक गोष्ट सांगितली. मुलाच्या अंगावरून त्याच्या बापाचा धंदा कळू नये, म्हणून गणवेश. त्यांच्या पथकात आता तो बुटांवरून कळतो. आठ मुली चपला घालून येतात. चौघी बूट घालतात, पण ते थोरल्या भावाचे आणि पुढे कागद कोंबलेले.

यावर गंभीर चर्चा झाली. खरी कमाईच्या दिवशी मुलांनी भेळ, वडापाव नि लिंबू सरबत विकून जमवलेले पैसे पेटीत आहेत, ते तंबूसाठी. तंबूचे बांबू आपल्याकडे तीन वर्षांपासून आहेत, कापड नाही. त्या पैशांतून कापड घ्यावं असं एकमतानं ठरलं. शर्टाचं. बूट मात्र त्यात बसेनात. तेव्हा मधला मार्ग निघाला : चपला घातलेल्या मुलांना संचलनात शेवटच्या रांगेत उभं करावं आणि पालकमंत्री आल्यावर छायाचित्रकाराला कमरेच्या वरचे फोटो काढायला सांगावं. ठराव मंजूर. मीही हात वर केला. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात कुणीतरी बेडन-पॉवेलचं पुस्तक काढलं. आमच्या बैठकांत हे होणारच. कीर्तनात बुवांनी शेवटी तुकोबांकडे यावं, तसे आम्ही बी.पीं.कडे येतो. 'एड्स टू स्काउटमास्टरशिप', १९१९. त्यात त्यानं म्हटलंय की मुलाचं मन कामात असेल आणि तो नियम पाळत असेल, तर त्यानं गणवेश घातला काय, न घातला काय, आपल्याला फिकीर नाही. बँकवाले काका विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघत खाली बसले. नियमवाल्या सरांनी पुस्तक ओढून घेतलं आणि त्याच ठिकाणी पुढं वाचलं : पण ऐपत असली की बहुतेक प्रत्येक स्काउट तो घालतोच. आता सर विजयी. एकाच परिच्छेदाच्या दोन तुकड्यांवर दोन बाजू अर्धा तास लढल्या. मधल्या 'ऐपत' या शब्दापाशी कुणी थांबलं नाही. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता.

मण्यांचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात मीही आहे. बी.पी.नं आफ्रिकेतून एका झुलू राजाची म्हणून ओळखली जाणारी लाकडी मण्यांची माळ आणली होती. तिचेच मणी इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कात १९१९मध्ये पहिलं प्रशिक्षण घेतलेल्यांना वाटले. तेव्हापासून जगभर प्रशिक्षित स्काउट मास्टर गळ्यात चामड्याच्या दोरीत दोन मणी घालतात. आपल्याकडे त्याला हिमालय वुड बॅज म्हणतात. साहाय्यक प्रशिक्षकाला तीन मणी, प्रशिक्षकाला चार. बैठकीत कोण कुठं बसतं, कुणाला आधी चहा मिळतो, कुणाचं बोलणं तोडता येतं, हे सगळं मणी मोजून ठरलेलं असतं. आमच्याकडे मानापेक्षा मणी मोठे. मी दोन मण्यांचा. पचमढीच्या प्रशिक्षण शिबिरात, थंडीत ओल्या तंबूत झोपून मिळवलेत, म्हणून मीही ते इस्त्रीच्या शर्टावर मुद्दाम बाहेर काढतो. उगीच साधूचा आव कशाला?

सव्वापाचला तपासणीला बाहेर गेलो. ठरवलेलं प्रमाण हातात होतं, म्हणजे मॅडमचा डबा. मुलं दोन तास उन्हात बसून चार खेळ खेळून, दोन भांडणं मिटवून, पाण्याच्या टाकीवरचं तुटलेलं झाकण दोरीनं बांधून मोकळी झाली होती. संघनायकांनी संघ लावले. आम्ही रांगेतून फिरलो. बेरेट, बॅज, पट्टा, मोजे. नियमवाले सर टेप घेऊन पुढं, मी वही घेऊन मागं.

सातवीतला एक मुलगा. शर्ट राखेच्या रंगाचा, म्हणजे नापास. चपला, म्हणजे शेवटची रांग. आणि स्कार्फच्या एका टोकाला छोटी घट्ट गाठ.

"हे काय?"

"सर, आजचं सत्कृत्य व्हायचंय."

नियमवाल्या सरांनी माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं. १९०८च्या 'स्काउटिंग फॉर बॉइज'मध्येच बी.पी.नं हे सुचवलंय : सकाळी गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारायची, दिवसातलं एक भलं काम होईपर्यंत ती सोडायची नाही. मीच सांगितलं होतं गेल्या महिन्यात, एका गुरुवारी, पाऊस होता म्हणून वर्गात बसवून. बत्तीस पोरांतल्या एकानं ऐकलं.

"कलम कुठलं?" सरांनी मला विचारलं. कलम नव्हतं. वहीत 'स्कार्फ सदोष' असं लिहावं लागलं.

"कुठलं काम करणार आहेस?" मी पोराला विचारलं.

"तुमची बैठक संपली की वर्गातली बाकं परत लावणार, सर. उद्या पाचवीची प्रार्थना वर्गातच असते."

आम्ही आत गेलो. आता नवा विषय निघाला होता : स्कार्फला गाठ मारणं म्हणजे गणवेशात फेरफार होतो काय. खाकी आजोबा म्हणाले, आमच्या वेळी सगळेच मारायचे. नियमवाले सर म्हणाले, तुमच्या वेळी खाकी होता. बँकवाले काका म्हणाले, गाठीमुळं स्कार्फची बाजू तोकडी होते, मग मोजायचं गाठ सोडून की धरून? हा मुद्दा कुणाच्या लक्षात आला नव्हता. टेप निघाली. एका स्कार्फला गाठ मारून मोजलं, सोडून मोजलं. तीन सेंटिमीटरचा फरक. उपसमिती नेमावी लागली. माझं नाव त्यात आहे.

साडेसहाला शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात आले. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदान रिकामं होतं. तो एकटा व्हरांड्याच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या गावची शेवटची एस.टी. पावणेसातची.

ठराव क्रमांक सहा वाचून दाखवायचा राहिला होता, वेळेच्या शिस्तीचा. त्यावर चौघांना बोलायचं होतं.

एस.टी. त्या दिवशी नेमकी वेळेवर आली.