लिंबाखालची मोटार

आरोग्य खात्याच्या लेखा शाखेत चौतीस वर्षे इतरांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांवर हरकती काढण्यात घालविल्यानंतर, आता आपल्याही प्रवासाची काही बरी तजवीज करावी, असा विचार ज्या दिवशी आमच्या मनात उद्भवला, त्या दिवशी आमच्या मालकीची एक मोटार अगोदरच अस्तित्वात होती, ही गोष्ट प्रारंभीच प्रांजळपणे नमूद केलेली बरी. ती गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली उभी असते. उन्हाळ्याच्या अखेरीस तिच्यावर निंबोळ्यांचा सडा पडतो, उरलेले वर्षभर कावळ्यांचा. आणि तिचा दुसरा गिअर पडताना जो ध्वनी निघतो तो ऐकून आमचे कुटुंब चहाचे आधण ठेवते, कारण तो चौकापासून घरापर्यंत स्पष्ट पोहोचतो. येत्या वर्षी तिला पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि फीपूर्वी गाडीची जी तपासणी होते तीत हा दुसरा गिअर अनुत्तीर्ण होईल, याविषयी घरात एकमत होते. सबब चिरंजीवांनी ठराव मांडला, "बाबा, ही काढा आणि एखादी भरवशाची लहान गाडी घ्या. जुनीच घ्या, पण बरी घ्या. अडीच लाखांत येते."

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मोटार हवी कशाला, हा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. पारा म्हणजे येथे वस्ती. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर चढतो तो पारा निराळा, जरी त्या दिवसांत दोहोंत भेद करणे कठीण जाते. भोसल्यांच्या अमलापासून आणि त्यानंतर नोकरीच्या निमित्ताने नागपुराकडून आलेली मराठी घरे येथे आणि पलीकडे ब्राह्मणपाऱ्यात दाटीने वसली, तेव्हा गल्ल्या आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फार तर बैलगाडी होती. जी. ई. रोडचा तात्यापारा चौक ते शारदा चौक हा जो चिंचोळा तुकडा आहे, त्याच्या रुंदीकरणाचा विषय इतकी वर्षे गाजत आहे, की आमच्या लेखी तो रस्ता बोलण्यात केव्हाच रुंद झालेला आहे, केवळ डांबरीकरण उरले आहे. त्या तुकड्यावरून सायंकाळी मोटारीने निघालेला मनुष्य आणि पायी निघालेला मनुष्य यांची शर्यत लावली, तर पायी मनुष्य वाटेत पान खाऊनही आधी जयस्तंभाशी पोहोचेल. परंतु मोटार ही जाण्यासाठी असते, हा समजच मुळात अडाणीपणाचा आहे. ती दाराशी असण्यासाठी असते.

सल्लागारांची उणीव नव्हती. आमच्या साडूंच्या मते मारुती ८०० बंद झाली त्या दिवशी या देशातील सचोटी संपली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली देण्यात आली तेथपासून २०१४ च्या आरंभी उत्पादन थांबले तेथपर्यंतचा इतिहास ते मराठेशाहीच्या बखरीप्रमाणे सांगतात, आणि ७९६ सीसी हा आकडा उच्चारताना त्यांचा कंठ दाटून येतो. मेहुणे सँट्रोपंथी. चिरंजीव आय-टेनच्या बाजूने. आमच्या कुटुंबाची अट एकच, की मागच्या आसनावर चढताना गुडघा वाकवावा लागू नये, आणि ती वॅगन-आरच्या पथ्यावर पडत होती. या सर्व कोलाहलात शहाणपणाचे एकच वाक्य उच्चारले गेले, आणि ते पाऱ्यातल्या मिस्त्रीने, जो आमच्या गाडीचा दुसरा गिअर अकरा वर्षे न दुरुस्त करता सांभाळीत आला आहे. तो म्हणाला, "जिसकी क्लच-प्लेट अभनपुर में भी मिल जाए, वो गाड़ी लो काका।" ज्या गाडीचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो आणि जी उघडायला शहरातल्या संगणकाची परवानगी लागत नाही ती भरवशाची, ही इतकी साधी व्याख्या आहे की सुशिक्षित मनुष्याला ती पटणे दुरापास्त.

मग आम्ही रिंग रोडच्या बाजूने जुन्या गाड्यांच्या आवारांची परिक्रमा आरंभिली. प्रत्येक आवारात पताका, प्रत्येक गाडीच्या चाकांना काळी तकाकी, आत मोगऱ्याचा असा उग्र दर्प की त्याखाली काय झाकले आहे या शंकेने श्वास आखडावा. आणि प्रत्येक गाडी डॉक्टरची. "साहब, डॉक्टर साहब की गाड़ी है, बस घर से क्लिनिक, क्लिनिक से घर।" पहिल्या आवारात आम्ही प्रभावित झालो, तिसऱ्यात साशंक, सातव्यात आम्ही मनातल्या मनात बेरीज केली, तेव्हा असे निष्पन्न झाले, की एका रविवारी सकाळी आम्ही पाहिलेल्या डॉक्टरांच्या गाड्यांची संख्या, आमच्या खात्यात चौतीस वर्षांत आम्ही ज्यांची पगारपत्रके केली त्या डॉक्टरांच्या संख्येच्या जवळ पोहोचत होती. ज्या थोड्या डॉक्टरांच्या नव्हत्या त्या मास्तरीणबाईंच्या होत्या, आणि या बाई तीनच्या वर गिअर टाकीत नसत. या राज्यात जुगारी, उधारखोर, तापट, बेफाम मोटार हाकणारे असे लोक असतातच. त्यांच्या गाड्या विकावयाच्या वेळी कोठे जातात, हे एक गूढच आहे.

आठव्या आवारात एक पांढरी गाडी मनात भरली. २०१६ ची, दोन लाख चाळीस हजार, मीटरवर ३८,००० किलोमीटर. मिस्त्रीला पाचशे रुपये ठरवून बरोबर नेले होते. त्याची तपासणी पाहताना, आयुष्यभर लेखापरीक्षण केले असे समजणारे आम्ही शरमलो. त्याने प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला, कारण गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवलेले असेल तर सकाळी पहिल्या झटक्याला ती कशी खोकते ते कळत नाही. इंजिन थंड होते. ते सुरू करून मागे जाऊन धूर पाहिला. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल पिते, पांढरा दाट धूर थांबेना तर पाणी आत जाते. धूर नव्हता. नंतर त्याने ऑइल भरावयाच्या तोंडाचे झाकण काढले, त्याच तोंडावर उलटे, मोकळे ठेवले आणि छातीवर हात बांधून उभा राहिला. झाकण जरासे थरथरले, पण उडून पडले नाही, फसफसून धूरही वर आला नाही. झाकणाच्या आतल्या अंगाला दुधाच्या सायीसारखा थरही नव्हता. दाराचे रबर ओढून त्याने खांबावरचे कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके मोजल्यासारखे पाहिले. ते सारख्या अंतरावर होते, म्हणजे गाडी कोठे चेपून पुन्हा ताणलेली नव्हती. आमचा हात खिशाकडे निघाला होता.

तोच तो खाली वाकला. ब्रेकच्या पायट्याचे रबर एका कडेला आरशासारखे गुळगुळीत झाले होते. मग टायरच्या अंगावरचे चार आकडे त्याने बोटाने पुसले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चारही टायर २०२३ सालातले, आणि तेही अर्धे झिजलेले. ३८,००० चाललेल्या गाडीचे टायर बदलून पुन्हा अर्धे झिजतात, हे मीटरला समजावून सांगणे आवश्यक होते. मिस्त्री उठला, हात पँटला पुसले आणि छत्तीसगडीत निकाल दिला, "इंजन बने हे काका, फेर मीटर लबरा हे।" लबरा आणि आपला लबाड हे एकाच गोत्रातले असावेत, असे आमचे भाषाशास्त्र आहे. मालकाला विचारता तो किंचितही न गोंधळता म्हणाला, की डॉक्टरसाहेबांचे क्लिनिक दुर्गला होते.

कागदपत्रांविषयी आम्ही उदासीन राहू, ही अपेक्षा कोणी करू नये. शेतजमीन घेताना सात-बारा काढणारा, बोजा पाहणारा, शेजाऱ्याची वहिवाट विचारणारा मराठी माणूस मोटार घेताना मात्र किल्ली हातात आली की खरेदीखत झाले असे समजतो, ही चमत्कारिक गोष्ट आहे. नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरविल्याचा नमुना ३५ वित्तसंस्थेच्या सहीशिक्क्यासह लागतो. विकणाऱ्याने नमुना २९, घेणाऱ्याने नमुना ३०. परराज्यातली गाडी असेल तर तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली तेव्हापासून तिकडच्या वयस्क डिझेल गाड्या वानप्रस्थाश्रमासाठी इतर राज्यांत उतरतात, तेव्हा या दाखल्याकडे नीट पाहावे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत फेरफार मागावा, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. विकणारे सही केलेले कोरे नमुने देतात आणि निश्चिंत होतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक गाडी आली, जी हातोहात विकली जाऊन शेवटी अपघातात सापडली, आणि नोंदवहीत ज्याचे नाव उरले होते त्या पहिल्याच मालकाच्या माथी भरपाई बसली. हे आम्ही प्रत्येक आवारात समजावून सांगितले. त्यामुळे आम्हाला चहा मिळेनासा झाला.

याच सुमारास ब्राह्मणपाऱ्यातल्या एका निवृत्त गुरुजींची गाडी विकाऊ असल्याचे कळले. आम्ही गेलो. त्यांनी प्रथम खुर्ची दिली, मग पाणी, मग एक दोनशे पानी वही. नऊ वर्षांत भरलेले पेट्रोल, बदललेले ऑइल, पंक्चर, सर्व तारीखवार. शेवटच्या पानावर ‘दोष’ असा मथळा आणि त्याखाली त्यांच्या वळणदार अक्षरात चार कलमे: बॅटरी मार्चपर्यंत टिकेल, गारव्याचे यंत्र दुपारी हात टेकते, डावे मागचे दार फाटकाला लागून एकदा रंगविले आहे, क्लच वर्षभरात करावा लागेल. किंमत दोन लाख दहा हजार, आणि या चार कलमांचा खर्च त्यातून अगोदरच वजा. आम्ही वही मिटली, आभार मानले आणि जवळजवळ पळत घरी आलो. जो मनुष्य आपण होऊन चार दोष सांगतो त्याने न सांगितलेले किती असतील! कुटुंबाचेही हेच मत पडले. सायंकाळी कळले, की ती गाडी मिस्त्रीने स्वतः घेतली.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो तीन नियतकालिकांनी साभार परत केला होता आणि पुढे २००१ साली त्यातल्या विचाराबद्दल त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, ही वार्ता, साभार परतीचा दीर्घ अनुभव असलेल्या प्रस्तुत लेखकाला विशेष सुखावणारी आहे. त्यांच्या देशात फसव्या मोटारीला लिंबू म्हणतात. गाडीतले बरेवाईट विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही; म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला लिंबू समजून भाव करतो; म्हणून चांगल्या गाडीचा धनी तिला बाजारात आणीतच नाही; म्हणून बाजारात लिंबेच उरतात. आपल्याकडे हे ज्ञान फार जुने असावे; आपण लिंबू गाडीच्या दर्शनी भागीच मिरच्यांसह टांगून ठेवतो आणि घेणाऱ्याला आगाऊ सूचना देतो.

आता आमच्या गाडीकडे वळतो. गुरुजींच्या वहीने आम्ही पुरते ओशाळलो होतो, आणि प्रायश्चित्त म्हणून, आपल्या गाडीचे सर्व दोष येणाऱ्याला सांगावयाचे, असा निश्चय केला. पहिला गिऱ्हाईक दुसऱ्या गिअरचा वृत्तान्त ऐकून झाडाकडे पाहू लागला. दुसरा म्हणाला, "फिर बेच क्यों रहे हो?" तिसऱ्याने मागितलेला भाव भंगारवाल्यानेही लाजून मागितला नसता. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी चिरंजीवांनी आम्हाला सांगितले, "बाबा, तुम्ही फक्त खुर्चीवर बसा. बोलणं माझ्याकडे."

आलेला मनुष्य धमतरीकडचा, पन्नाशीचा, सभ्य. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, एक निंबोळी उचलून फेकली आणि तो सनातन प्रश्न विचारला, "गाड़ी चलाता कौन था?" चिरंजीव म्हणाले, "बाबा। हेल्थ डिपार्टमेंट में थे, पूरे चौंतीस साल।" हे अक्षरशः खरे होते. त्या मनुष्याच्या मुखावर हळूहळू जो आदर पसरला तो आम्ही पाहिला. त्याने हात जोडले. लेखा शाखेचा उल्लेख आमच्या जिभेच्या अगदी टोकापर्यंत आला होता, परंतु त्याच क्षणी आम्हाला खोकला आला. चावी फिरवून त्याने गल्लीतल्या गल्लीत, पहिल्या गिअरवर, एक चक्कर मारली. आमची गल्ली दुसरा गिअर टाकण्याइतकी लांब नाही, हा तिचा गुण आम्हाला त्या दिवशी प्रथमच जाणवला. उतरल्यावर त्याने पाच हजार रुपये विसार म्हणून मोजून दिले, आम्ही नमुना २९ वर सही केली, त्याच्याकडून नमुना ३० भरून घेतला आणि कलम ५० समजावून सांगितले, ते त्याने डॉक्टरांचे ऐकावे तसे ऐकले.

फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "साहब, एक बात पूछनी थी," असे म्हणून उजवा पाय जरा पुढे केला. जिना चढताना गुडघा कळा मारतो, म्हणाला.

आम्ही चिरंजीवांकडे पाहिले. चिरंजीव कडुलिंबाकडे पाहत होते.

"शेकत जा," आम्ही म्हणालो. "दिवसातून दोनदा."