सासरा, भाचा आणि आठवा हेन्री

"काय हो वहिनी, काल दीडपर्यंत दिवा चालू होता तुमचा?"

"तो इंग्लंडचा राजा आठवा हेन्री झोपू देईना, काकू! सहा बायकांचं सगळेच सांगतात. पण त्याचं खरं वेड फ्रान्सचं. पूर्वजांचं राज्य परत घ्यायचं म्हणे."

"मग घेतलं का?"

"कुठलं! घरच्यांनीच वापरून घेतला. आधी सासरा, स्पेनचा फर्डिनांड. 1512 मध्ये म्हणाला, जावईबापू, सैन्य पाठवा, ॲक्विटेन मिळवून देतो. इंग्लिश पोरं सीमेवर दारू पीत, आजारी पडत बसली. त्यांच्या आडोशानं सासऱ्यानं नवारचं राज्य गिळलं!"

"अगं बाई!"

"मग बायकोचा भाचा, सम्राट पाचवा चार्ल्स. 1525 मध्ये पाव्हियाला त्यानं फ्रान्सचा राजाच धरला. हेन्री म्हणाला, चला, फ्रान्स वाटून घेऊ. भाच्यानं हिंग लावून विचारलं नाही. वर हेन्रीच्या मुलीशी, मेरीशी ठरलेलं लग्न मोडून पोर्तुगालची इझाबेला केली. तिकडे हुंडा घसघशीत ना!"

"मग यानं एकट्यानं लढायचं."

"कशाच्या जिवावर? फ्रान्सची माणसं इंग्लंडच्या पाच-सहापट. त्याच वर्षी त्याच्या मंत्र्यानं, वूल्झीनं, पार्लमेंटला न विचारता लढाईसाठी लोकांकडे 'स्नेहाची देणगी' मागितली. लॅव्हनमला हजारो माणसं उठली, मुकाट्यानं गुंडाळावं लागलं."

"भाचाच लबाड मेला."

"तसं नाही हं. त्याच्यामागे तुर्क, इटली, जर्मनीतले ल्यूथरवाले. मावशीच्या नवऱ्याच्या हौसेसाठी त्यानं फ्रान्सशी जन्माचं वैर का घ्यावं? आणि 1544 मध्ये दोघांनी पॅरिसवर जायचं ठरलेलं, तर हा बसला बुलोनला वेढा घालून. गाव मिळालं, पण भाच्यानं त्याच आठवड्यात परस्पर तह उरकला!"

"एक गाव तरी पदरात पडलं."

"ते राखताना कंबरडं मोडलं हो. शेवटच्या पाच वर्षांत लढायांवर सुमारे 20 लाख पौंड गेले. मठांच्या जमिनी विकल्या, चांदीच्या नाण्यांत तांबं घातलं. नाण्यावर राजाचा चेहरा समोरून, नाक वर आलेलं. हाताळून हाताळून नाकावरची चांदी आधी उडायची आणि खालचं तांबं दिसायचं. लोक त्याला तांबडनाक्या म्हणायचे!"

"आणि बुलोन?"

"तो मेल्यावर, 1550 मध्ये, चार लाख क्राउन घेऊन फ्रान्सलाच परत."

"त्या मेरीचं बिचारीचं काय झालं?"

"बिचारी कसली! राणी झाली आणि चार्ल्सच्याच मुलाशी लग्न केलं. ज्यानं नाकारली त्याचीच सून! मग नवऱ्याच्या लढाईत पडून 1558 मध्ये कॅलेही घालवून बसली. फ्रान्समधलं तेवढंच उरलं होतं."