नुरा कुस्ती, पाचवा मजला

टोकियोच्या सुइदोबाशी स्टेशनाजवळ, टोकियो डोमच्या कुशीत कोराकुएन हॉल आहे. १९६२ साली उघडलेला, इमारतीच्या पाचव्या मजल्यावरचा. जिन्याच्या भिंती चाहत्यांनी लिहून लिहून भरून टाकल्यात. त्या वाचत दोघं मराठी माणसं जपानी प्रो-रेसलिंग बघायला चढत होती. एक पुण्याचा, जपानात केस पिकवलेला, निशि-कासाईत स्थायिक झालेला. दुसरा कोल्हापूरचा, कंपनीनं नुकताच धाडलेला, खासबागच्या मैदानात लहानाचा मोठा झालेला.

"दादा, एक विचारू? ही नुरा कुस्तीच ना?"

"निकाल ठरलेला असतो. मार ठरवून कमी लागत नाही."

"म्हणजे नुराच."

"वर चल, बस आधी."

पैलवानांची नावं पुकारली तशा चारी बाजूंनी रंगीत कागदाच्या फिती रिंगणात येऊन पडल्या. कुणाला लागू नये म्हणून फेकणारे रिळातला पुठ्ठा आधीच काढून ठेवतात. काळी चड्डी, काळे बूट घातलेली चार पोरं धावली आणि गठ्ठे कवेत घेऊन पसार झाली.

"हे हमाल?"

"शिकाऊ पैलवान. झाडायचं, धुवायचं, वडीलधाऱ्यांची सेवा करायची. रंगीत पोशाख नाही, भारी डाव नाहीत. आधी साधं नीट जमलं पाहिजे."

"म्हणजे तालमीतलीच पोरं की!" कोल्हापूरकर पहिल्यांदा पुढं सरकून बसला.

कुस्ती लागली. एकानं दुसऱ्याचा हात पिळला आणि सभागृह चिडीचूप. शिट्टी नाही, आरोळी नाही. मग धाडकन पाडलं, वर चढला, पंच जमिनीवर थापा मारू लागला.

"आमच्याकडं पाठ लागली की खेळ खलास!"

"इथं दोन्ही खांदे तीन मोजेपर्यंत टेकलेले हवेत."

"आणि ह्यो पावणेतीनला उठतोय! प्रत्येक खेपेला!"

"पैसे त्याचेच आहेत."

मध्यंतरात पुणेकरानं इतिहास काढला. पुणेकराला मध्यंतर त्यासाठीच लागतं. रिकिदोझान नावाचा माजी सुमो पैलवान, जन्मानं कोरियन. १९५४ साली त्यानं गोऱ्या पैलवानांना चोपलं, तेव्हा चौकाचौकात लावलेल्या टीव्हीपुढं माणसांचा पूर लोटला होता. त्याच्याच हाताखाली तयार झालेले दोघे, जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी. १९७२ साली दोघांनी आपापल्या कंपन्या काढल्या; इनोकीची ती न्यू जपान.

"इनोकी म्हणजे मुहम्मद अलीशी भिडलेला?"

"तोच. २६ जून १९७६, निप्पॉन बुदोकान. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा घालत होता. पंधरा फेऱ्या, आणि निकाल बरोबरीचा."

"मग ती नुरा नव्हती."

"कशावरून?"

"इतकं कंटाळवाणं ठरवून कोण करील?"

पुणेकराला उत्तर सुचलं नाही. ही दुर्मीळ घटना.

"त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला अक्रम पैलवान. भोलू घराण्यातला."

"गामाचा पुतण्या?"

"तोच. इनोकीनं त्याचा हात निकामी केला."

कोल्हापूरकर गप्प झाला. गामाच्या घराण्याचं नाव निघाल्यावर चेष्टा करायची त्याच्या घरी रीत नव्हती. जरा वेळानं त्यानं विचारलं, "आपलं कुणी हितं गाजलं का?"

"टायगर जीत सिंग. पंजाबात जन्मलेला, कॅनडात राहणारा. तोंडात तलवार धरून यायचा. १९७३ मध्ये शिंजुकूच्या इसेतान दुकानाबाहेर त्यानं इनोकीला भररस्त्यात मारलं. बायकोदेखत."

"ते ठरलेलं होतं?"

"पन्नास वर्षं लोक हेच विचारतायत."

शेवटची कुस्ती अर्धा तास चालली. कोल्हापूरकर खुर्ची सोडून उभा होता. मागच्या आजीबाईंनी नम्रपणे खांद्यावर थोपटलं तेव्हा त्यानं वाकून माफी मागितली आणि पुन्हा उभा राहिला. पंचाचा हात तिसऱ्यांदा आपटला तेव्हा त्याच्या तोंडून अस्सल रंकाळ्यावरची शिवी निघाली.

"अरे, निकाल ठरलेला असतो," पुणेकर म्हणाला.

"तेच तर! ठरवणाऱ्याला अक्कल नको? ह्याला जिंकवायचं सोडून त्याला?"

उन्हाळा आला तेव्हा कोल्हापूरकरानं न्यू जपानच्या जी-वन क्लायमॅक्स स्पर्धेचा तक्ता एक्सेलमध्ये मांडला होता: विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. डीडीटी नावाच्या कंपनीत एका शिडीलाही विजेतेपदाचा पट्टा मिळालाय, असं पुणेकरानं हसत सांगितलं.

"हसू नका. शिडीनं कुणाला पाडलं ते सांगा."

डिसेंबरात त्यानं रजेचा अर्ज टाकला. तारीख ४ जानेवारी, कारण कौटुंबिक.

"त्या दिवशी इथल्या कचेऱ्या उघडतात रे. साहेब काय म्हणेल?"

"साहेबानंही त्याच दिवसाची टाकलीय."

टोकियो डोममधली न्यू जपानची मोठी कुस्ती १९९२ पासून ४ जानेवारीलाच होते, मग वार कुठलाही असो.