फायटरच्या टाकीत कूळ ठेवताना

ज्याअर्थी आपल्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेची टाकी आहे, ज्याअर्थी तीत एकच फायटर मासा आहे, आणि ज्याअर्थी गणपतीला येणारा प्रत्येक पाहुणा टाकीपाशी वाकून ‘अगंबाई, एकटाच का गं हा?’ असं विचारून आत दोन मुरमुरे टाकून जातो, त्याअर्थी आपण लवकरच त्याला सोबत आणणार, हे गृहीत धरून पेण व रोहा तालुक्यांतील सर्व मत्स्यपालकांसाठी पुढील मार्गदर्शन करण्यात येत आहे.

आधी खातेदाराची ओळख. फायटर मूळचा थायलंडचा, तिथल्या भातखाचरांतला आणि उथळ डबक्यांतला. 1910 मध्ये रीगन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला ‘बेटा स्प्लेंडेन्स’ असं भारदस्त नाव दिलं आणि 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. पण आपल्याला एवढं कळलं तरी पुरे की तो भातशेतीतला आहे. म्हणजे त्याचा स्वभाव पेण-रोह्यात कुणाला वेगळा समजावून सांगायला नको. बांधाचा वाद! शेजारी वीतभर आत आला की हा कल्ले फुगवतो, रंग गडद करतो आणि अंगावर जातो. खाचरात हरलेला मासा पळून तरी जातो. दोन फुटी टाकीत पळून जायला दुसरा तालुका नसतो. शिवाय माणसांनी झुंजी लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडखोर तेवढेच निवडून वाढवले, त्यामुळे आपल्या टाकीतला हा नुसता शेतकरी नव्हे, खोत आहे. आणि आपण आणणार ती त्याची कुळं. चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं जमिनी ओस ठेवून खोतांना जेरीस आणलं. टाकीतल्या कुळांना संपाची सोय नाही, म्हणून त्यांच्या वतीने विचार आपणच करायचा.

दोन नर एका टाकीत ठेवू नयेत. ‘एकाच दुकानातले आहेत, भाऊ-भाऊच म्हणा ना,’ हा युक्तिवाद ऐकू नये. भावा-भावांची किती प्रकरणं तहसील कार्यालयात पडून आहेत, ते तिथल्या शिपायाला विचारा. मादी आणून संसार थाटून द्यावा असंही काहींना वाटतं. नर पाण्याच्या वर फेसाचं घरटं बांधतो, अंडी झाली की मादीला हुसकावून लावतो आणि खाली पडणारं एकेक अंडं तोंडात उचलून परत घरट्यात ठेवत बसतो. बाप म्हणून उत्तम, नवरा म्हणून अशक्य. मादीला वेळेवर बाहेर काढलं नाही तर ती जिवानिशी जाते.

आता दुकान. तिथे फायटर प्लॅस्टिकच्या ग्लासात एकेकटे मांडलेले असतात, आणि ‘याच्यासोबत काय चालेल?’ असं विचारलं की दुकानदार सांगतो, ‘सगळं चालतं हो.’ सगळं चालत असतं तर त्याने स्वतः प्रत्येकाला वेगळा ग्लास का दिला असता, हा प्रश्न तिथे विचारू नये, उगाच वाद होतो. मनात ठेवून बाहेर पडावं.

काही उमेदवार अर्जाच्या टप्प्यावरच बाद करावेत. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं आणि तो घाण फार करतो. फायटरला 24 ते 28 अंशांचं ऊबदार पाणी लागतं. टायगर बार्बला दुसऱ्याच्या लांब परांचे लचके तोडायची खोड असते. एंजल स्वतःच खोत होऊ पाहतो. गप्पीबद्दल मात्र सावध राहावं, कारण तो फुकट मिळतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं गप्पी देतं, आणि फुकट मिळालेली वस्तू आपण परत करत नाही. गप्पीच्या नराची रंगीत झुपकेदार शेपटी पाहून फायटरला तो बांध कोरायला आलेला दुसरा फायटरच वाटतो. पुढचं सांगायला नको.

खारेपाटातला एखादा हौशी भाचा पावसाळ्यात खाडीत सापडलेलं जिताड्याचं पिल्लू घेऊन येईल. त्याचं कौतुक करावं आणि पिल्लू घरामागच्या तळ्यात सोडायला सांगावं. एका तळ्यात लहानमोठे जिताडे एकत्र ठेवले की मोठा धाकट्याला खातो, हे तळं राखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हा मासा आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो, त्यामुळे त्याच्याबाबत कुठलाच अंदाज बांधू नये. त्याची खरी जागा तळ्यात, नंतर ताटात, आणि काम अडलं असेल तर साहेबांच्या घरी.

मग कोण चालतं? पहिली पसंती कोरीडोरस, सहाजण एकत्र, तळाशी वाळू. ते खालच्या मजल्यावर राहतात, खोत वरच्या, गाठभेट कमी. शिवाय आपल्या भागासाठी त्यांच्यात एक गुण आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रोह्याच्या बाजूला कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद पडला की बहुतेक मासे पाण्याच्या वर येऊन आ वासतात. फायटरला मात्र डोक्यात एक खास अवयव असतो, त्याने तो बाहेरची हवा घेतो. कोरीडोरसही वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि आतड्यातून श्वास भागवतो. महावितरणवर अवलंबून नसलेलं कूळ मिळणं हे भाग्यच. मधल्या पाण्यात एम्बर टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा यांचा लहानसा थवा चालतो. नेराइट गोगलगाय तर आदर्श: भाडं देते, बोलत नाही. चेरी श्रिंप ठेवायला हरकत नाही, फक्त खोताच्या लेखी तो ताजा जवळा असतो, हे ध्यानात घेऊन पैसे घालावेत.

कुळं आणायची तर टाकी निदान दोन फुटी, साधारण 50 लिटरची हवी. वनस्पती दाट लावाव्या, म्हणजे एकमेकांची तोंडं सारखी दिसत नाहीत. झाकण हवंच, खोत उडी मारतो. नवी टाकी महिनाभर तरी मुरू द्यावी. मग आधी कुळं वसवावी आणि खोताला सर्वांत शेवटी आत सोडावं. अगोदरपासून राहणाऱ्याला हक्क वाटतो, उशिरा आलेल्याला जरा भीड असते. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं, असं शास्त्र सांगतं. खारेपाटातल्या वाचकांनी मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभं राहून ‘माशांसाठी हवंय’ असं मोठ्याने सांगू नये. हेटवणे धरणाचं पाणी सिडकोकडे कसं जातं, यावर रांगेत आधीच पुरेसं बोलणं चालू असतं.

पहिले दोन दिवस लक्ष ठेवावं आणि एक रिकामी बरणी हाताशी ठेवावी. कल्ले फुगवले म्हणजे ताकीद. पर फाटलेले दिसले, कोणी कोपऱ्यात दडून बसला किंवा खायला वर येईना, की त्याच क्षणी कुळाला बरणीत घ्यावं. सुनावणीची तारीख देऊ नये. काही फायटर कुणालाच सोसत नाहीत. अशाला एकटाच ठेवावा. त्याला काही वाटत नाही, वाटतं ते पाहुण्यांना.

शेवटची विनंती मात्र थट्टेची नाही. न जमलेला मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. कुंडलिकेत, भोगावतीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच कुणाच्या तरी टाकीतून बाहेर पडला, आणि आज उजनीत जाळी ओढणाऱ्यांच्या हाती तो येतो. फूटभर वाढतो, जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.