पाच वाती, चौदा पाहुणे

परवाचा टावर चौकातला कार्यक्रम ‘उत्साहात संपन्न’ झाला, असं छापून आलंय. फोटोही आहे. फोटोत समई आहे, समईभोवती चौदा माणसं आहेत आणि चौदाही जणांचे हात एकाच मेणबत्तीपर्यंत पोचलेत. मेणबत्ती पेटलेली आहे. समई नाही.

निःशुल्क, सहकुटुंब, सर्वांसाठी खुले असे हे कार्यक्रम आपल्या उज्जैनच्या फ्रीगंजात आता बारमाही पीक झालेत. आज स्वच्छता, उद्या योग, परवा मतदार जागृती, तेरवा नुसताच आनंद. विषय बदलतो, टेंटवाला बदलत नाही. त्यामुळे समईही तीच. दांडीत किंचित वाकलेली, सोनेरी मुलामा उडालेली, आणि गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूची माळ. ज्योतीशेजारी प्लास्टिक! पण माळ निश्चिंत असते. तिला अनुभव आहे.

समई का लागत नाही, याला काही गूढ कारण नाही. टेंटवाल्याचा पोरगा तेल ओततो ते पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली की. वाती पाकिटातून काढून कोरड्याच ठेवतो. कोरडी वात पेटत नाही. नुसती जळते, काळी पडते आणि मान टाकते. वात आधी तेलात बुडवून पिळावी, टोक बोटभर पुढे ओढावं, अगदीच अडलं तर टोकाला कापूर लावावा, हे कुठलीही आजी सांगेल. पण आजी बसलीय दोरीच्या पलीकडे, अकराव्या रांगेत. अलीकडे सोफे आहेत. सोफ्यावर वात वळलेलं कुणी नाही.

दुसरं कारण पंखा. पाहुण्यांना घाम येऊ नये म्हणून मंचाच्या कोपऱ्यात उभा पंखा असतो आणि त्याचं तोंड नेमकं समईकडे. समई लागायची तर पंखा बंद हवा. पंखा बंद करायचा तर पाहुण्यांना विचारायला हवं. आणि पाहुण्यांना विचारायला तिथे एवढ्या हुद्द्याचा माणूस नसतो. म्हणून चार कार्यकर्ते ओंजळी करून वारा अडवतात. निवेदक तिकडे ‘अंधकार’ या शब्दावर अडकलेला. पुढचा शब्द उच्चारायला आधी उजेड पडावा लागतो.

आता गंमत अशी, की हेच आपलं शहर दिवे लावण्यात जगज्जेतं होतं. २०२२च्या महाशिवरात्रीला क्षिप्रेच्या घाटांवर ११,७१,०७८ दिवे लागले, विश्वविक्रम झाला. पुढच्या वर्षी, १८ फेब्रुवारी २०२३ला, १८,८२,२२९. मोजून. त्याच वर्षी दिवाळीत अयोध्येने बावीस लाखांचा आकडा ओलांडला, ते सोडा. मुद्दा हा, की उघड्या नदीकाठी, संध्याकाळच्या वाऱ्यात, शाळा-कॉलेजच्या पोरापोरींनी खाली बसून जवळपास एकोणीस लाख दिवे लावले. आणि इथे, तीन बाजूंनी कनात लावलेल्या मंचावर, शहरातल्या चौदा कर्त्या माणसांना मिळून एक समई लावता येत नाही. घाटावर जमलं, कारण तिथे दिवे जास्त होते आणि प्रत्येक दिव्यामागे पाहुणे कमी. टावरवर प्रमाण नेमकं उलटं.

हे प्रमाणच सगळ्या तंट्याचं मूळ आहे. समईला वाती पाच, मंचावर पाहुणे चौदा. पाचांनी पाच लावल्या तर उरलेल्या नऊ जणांनी काय करायचं? टाळ्या? टाळ्या वाजवायला ते मंचावर आलेले नसतात. म्हणून लागलेली वात पुन्हा लावतात. फोटोग्राफर ओरडतो, “सर, लागली तरी मेणबत्ती काढू नका,” आणि सर काढत नाहीत. पेटत्या ज्योतीला पेटती मेणबत्ती टेकवून कॅमेऱ्याकडे बघत राहतात. तेवढ्यात पंखा आपलं काम करतो. विझलेली वात बघून मागच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत जी चमक येते, ती कुठल्याच ज्योतीत नसते. रिकामी जागा झाली ना! ज्यांनी ती आधी लावलेली असते त्यांचा चेहरा मात्र पडतो. असे पडलेले चेहरे कालिदासाने आधीच लिहून ठेवलेत. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात इंदुमती स्वयंवराला हातात माळ घेऊन एकेका राजापुढून जाते. राजमार्गावरून दिवा पुढे सरकला की मागचा वाडा जसा अंधारतो, तसा ती पुढे गेली की मागचा राजा काळवंडतो. या उपमेवरून आपल्या कवीला ‘दीपशिखा कालिदास’ म्हणू लागले. १९५८पासून आपण त्याच्या नावाचा समारोह करतो आहोत, पंडित येतात, व्याख्यानं होतात. पंडितांना माझी विनंती आहे, की एक संध्याकाळ त्यांनी टावरवर काढावी. मेणबत्ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली की पहिल्या हाताच्या मालकाचं तोंड कसं होतं, ते बघावं. माळ एक आणि राजे अनेक, हा पेच कालिदासानेही एकालाच निवडायला लावून सोडवला होता. आपली संयोजन समिती मात्र माळ प्रत्येकाच्या गळ्यात घालते. तीही झेंडूची, खरी. प्लास्टिकची फक्त समईला.

मग पादत्राणं. मेणबत्ती हातात आल्यावर कुणीतरी आठवण करतो, जोडे काढायचे राहिले. चौदा जण वाकतात. मेणबत्ती वाकते. मेण सतरंजीवर. बारावे पाहुणे चुकून दहाव्यांच्या चपला घालून परततात आणि स्वागतपर भाषणभर दहावे आपल्या पायांकडे बघत बसतात.

इथपर्यंत मी हसतो. आता हसत नाही.

कारण या सगळ्या वेळात मंचामागे मुली उभ्या असतात. मटकी नृत्याच्या. शाळेतून चार वाजता आणलेल्या, घागरा भाड्याचा, डोक्यावरची मटकी घरची. लिपस्टिक पुसू नये म्हणून त्यांना पाणी प्यायला मनाई. महिनाभर तालीम झालेली असते. सहाचा कार्यक्रम साडेसातला सुरू होतो, दिव्याला वेळ जातो, मग चौदा शाली, चौदा श्रीफळं, चौदा स्मृतिचिन्हं. आणि मग निवेदक, ज्याला अंधकारावर घोळत बसताना घड्याळ दिसलं नव्हतं, तो डोक्यावरच्या टावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणतो, “वेळेअभावी मुलींनी आपली प्रस्तुती दोन मिनिटांत आटोपावी.” गाणं मधूनच तुटतं. पोरी एक गिरकी अर्धी घेऊन तशाच नमस्कार करतात. सोफे तोवर रिकामे झालेले असतात, पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं, तिथेही समई असते. मोबाईल उंच धरून उभी राहतात ती दोरीपलीकडची आईबापं. जाहिरातीत कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता ते नागरिक म्हणजे हेच, आणि त्यांना जे बघायचं होतं ते एवढंच.

आणि हा सोहळा व्हावा म्हणून सकाळीच पाणीपुरीच्या, कुल्फीच्या गाड्या हटवलेल्या असतात. शोभा जाते म्हणे. अहो, रोज संध्याकाळी अख्खं फ्रीगंज या गाड्यांभोवती उभं राहून खातं, भेटतं, लग्नं जुळवतं. हाच टावरचा खरा सार्वजनिक कार्यक्रम, आणि तो अध्यक्षाविना वेळेवर सुरू होतो. त्यालाच बंदी करून जनतेच्या करमणुकीचं बिल काढायचं, ही हिंमत कुठून येते?

दिवा लावूच नका, असं मी म्हणत नाही. माझी मागणी एवढीच, की कार्यक्रमपत्रिका उलटी छापा. सहाला मुलींचं नृत्य, पूर्ण. मग त्यांना पाणी आणि पाणीपुरी. मग लोक घरी. त्यानंतर मंच मोकळाच असतो. चौदाही पाहुण्यांनी रात्रभर समई लावत बसावं, काडेपेट्या मी देतो.